काळ्या कोटावरचा कापूस

दिवाळी उलटली की पुसदच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसू लागतात. आता बैलगाड्या राहिल्या नाहीत, ट्रॅक्टर आले, छोटे ट्रक आले. पण कापूस काही कोणाच्या बंदोबस्तात राहत नाही. ताडपत्रीखालून निसटतो, बाभळीच्या काट्यांना लागतो, तारेच्या कुंपणाला लागतो आणि सकाळी फिरायला निघालेल्या माझ्यासारख्या म्हातारीच्या शालीलाही लागतो. घरी आले की मी खुर्चीत बसून तो वेचत राहते. सून म्हणते, "आई, कपड्यांचा ब्रश आहे ना." आहे, मला माहीत आहे. पण शालीवरचा कापूस बोटांनीच काढायचा असतो, आणि या वयात मला कोणी शिकवायला येऊ नये.

मी जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. त्यातला एक धडा असा होता की तो आला की मुलं जांभया द्यायची आणि माझा आवाज बदलायचा. जिवाणूंमधली काही प्रथिनं डीएनएवरची आपली नेमकी जागा कशी ओळखतात आणि तिला कशी धरून ठेवतात, असा तो धडा. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "मॅडम, हे परीक्षेत येते काय?" मी बेधडक "येते" म्हणून सांगायची. बहुतेक वर्षी यायचं नाही. मुलं चिडायची आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना सावध करून जायची. मी तरी काय करणार? तो धडा शिकवताना मला दिग्रसचं आमचं घर दिसायचं, ओट्यावर दोरा पिळत बसलेला दादा दिसायचा, आणि तास संपूच नये असं वाटायचं.

साठच्या दशकातली मधली वर्षं होती ती. दिग्रसला आमचं भाड्याचं घर होतं, पुढे ओटा, मागे विहीर. बाबा नगरपालिकेत कारकून. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे घर आत्या चालवायची. दादा माझ्याहून बराच मोठा, नागपूरला एमएस्सी होऊन तिथेच एका प्रयोगशाळेत हाताखाली काम करत होता. त्या वर्षी तो कापसाच्या हंगामात घरी आला, एरवी उन्हाळ्याशिवाय कधी यायचा नाही. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत त्याला जागा मिळाली होती. हिवाळा संपायच्या आत निघायचं होतं, आणि निघायचं की नाही हे मात्र ठरायचं होतं.

हंगामातलं दिग्रस ज्यानं पाहिलं नाही त्याला काय सांगू! पहाटेपासून गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, जिनिंगचा भोंगा आणि सगळ्या गावावर सरकीचा तो उग्र, तेलकट वास. आणि कापूस. हवेतच असायचा तो. तुळशीवर, दारावरच्या तोरणावर, वाळत घातलेल्या पापडांवर, बाबांच्या काळ्या टोपीवर. दुधावर साय धरायच्या आधी कापसाचा एखादा पुंजका धरायचा. आत्या दिवसातून कितीदा तरी झाडू घेऊन उठायची आणि "या गावाले एकदा धुऊनच काढा लागते," म्हणून पुन्हा बसायची. मला तो कापूस फार आवडायचा. शाळेत जाताना मी तोंड उघडं ठेवून चालायची आणि जिभेवर एखादा तंतू आला की उगाचच हसायची.

दूध घालायला धनीबाई यायची, जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. अंगात आरशांची काचोळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर कळशी. घुंगटाच्या आतून तिचं बोलणं सुरू झालं की थांबायचं नाही. दादा तिला चिडवायचा, "धनीबाई, दुधात पाणी किती, खरं सांगा!" ती म्हणायची, "पान्यात दूध टाकतो जी मी, पान्याचे पैसे नाई घेत." आत्याला हे बोलणं आवडायचं नाही आणि दूध मात्र तिचंच लागायचं.

एके दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो आणि बाहेर रडणं ऐकू आलं. साधं रडणं नव्हतं ते, मोठ्यानं, सुरात, ओढून ओढून, "याडीये..." म्हणून, म्हणजे आईला हाक मारत, दोन बायका रडत होत्या. एक थांबली की दुसरी उचलायची. आत्या खिडकीशी गेली आणि तशीच मागे फिरली. "धनी आहे गं! कोणीतरी गेलं वाटते तिच्या घरी." तिचा चेहरा पडला. तिनं चहाचा कप खाली ठेवला, चूल सारखी केली आणि बेसन कालवायला घेतलं. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजाऱ्यांकडून बेसन-भाकर जाते, हा आमचा रिवाज. तांडा शेजार होतो का नाही, असले प्रश्न आत्याला त्या घडीला पडले नाहीत. दुधावरून रोज भांडणारी आत्या भराभर भाकरी थापत होती आणि मला म्हणत होती, "पाणी ने आधी तिच्यासाठी, उभी नको राहू अशी."

मी तांब्या घेऊन बाहेर गेले. दादा ओट्यावर आधीच उभा होता. रस्त्याच्या कडेला धनीबाई आणि दुसरी एक बाई एकमेकींना गच्च धरून उभ्या होत्या. दोघींचे घुंगट पुढे ओढलेले, तोंड दिसत नव्हतं कोणाचंच. आधी उजव्या खांद्यावर डोकं, मग डाव्या खांद्यावर. हात एकमेकींच्या पाठीवरून फिरत होते, वरून खाली, खालून वर. रडता रडता त्या काहीतरी विचारतही होत्या, सुरातच, आणि सुरातच उत्तरं येत होती. मी तांब्या घेऊन तशीच थिजले. शेवटी आत्या भाकरीचं फडकं घेऊन बाहेर आली आणि डोळे पुसत म्हणाली, "काय झालं गं धने? कोण गेलं?"

धनीबाईनं घुंगट मागे सारला. तोंड ओलंचिंब आणि हसू कानापर्यंत. "कोनी नाई गेलं जी आत्याबाई! बहीन भेटली माही. तिकडे मुकुटबनाकडे देली हाये तिले. लय दिसानं आली कापूस येचाले."

"मग रडून काहून राह्यल्या?"

"आता भेटली तं रडा लागनच ना! तुमच्यात मानूस भेटलं तं रडत नाई काय?"

 आत्यानं फडकं पुढे केलं. मग आमच्याच ओट्यावर बसून त्या दोघी बहिणींनी दुखवट्याचं ते बेसन-भाकर खाल्लं, आणि कशासाठी आणलं होतं हे कळल्यावर इतक्या हसल्या की धनीबाईला ठसका लागला. आत्याही हसली. बाबा दारात उभे राहून सगळं बघत होते. ते हसले की नाही ते मला आठवत नाही. टोपीवरचा कापूस झटकून ते कचेरीत निघून गेले.

बाबांबद्दल काय सांगावं? ते वाईट नव्हते हो. कधी आमच्यावर हात उगारला नाही, कधी कोणावर आवाज चढवला नाही. पण आतलं काही बाहेर येऊ द्यायचं नाही, असा जणू त्यांचा बाणाच होता. दादा पहिल्या वर्गात पास झाल्याची तार आली तेव्हा त्यांनी ती वाचली, घडी केली आणि "जेवणं झाली का?" असं विचारलं. आमच्या घरात मोठ्यांच्या पाया पडायचं आणि मोठ्यांनी बोटांची टोकं डोक्याला लावून न लावल्यासारखी करायची, एवढाच काय तो स्पर्श. कोणी कोणाला जवळ घेतलेलं मी पाहिलं नाही. त्या सकाळी त्या दोघी बहिणींकडे बघताना मला लाज वाटली होती आणि हेवाही वाटला होता.

दादाला मात्र भलतंच काही सुचलं होतं. त्या दिवशी तिन्हीसांजेला आत्या ओट्यावर वाती वळत बसली होती, मी शेजारी. दादा आला, आत्याच्या परडीतला कापूस घेऊन त्यानं दोन दोरे वळले आणि एकमेकांना पीळ घातला.

"पाह्यलं काय बेबी, सकाळी? तोंड न पाहता कसं धरलं त्यांनी? माझं सगळं काम तेच आहे. हे पाहा, हा डीएनए. आपल्या पोटातल्या जिवाणूंतही असतो. त्यांना दुधातली साखर पचवाची असली तं काही हत्यारं बनवा लागतात. पण दूध नसलं तं हत्यारं कायले बनवाची? फुकट मेहनत. म्हणून एक प्रथिन असते, ते या दोऱ्यावर एका ठरलेल्या जागी बसून राहते. ते बसलं की हत्यारांचं काम बंद."

"आणि दूध आलं तर?"

"त्या साखरेपासून बनलेला एक बारीकसा कण प्रथिनाले येऊन चिकटते. त्याचा आकार बदलते, पकड सुटते, कामाले सुरुवात! साखर सरली की पुन्हा येऊन बसते आपल्या जागी."

हे प्रथिन परदेशात कोणाच्या तरी नुकतंच हाती लागलं होतं, असं तो सांगत होता. तोवर ते असावं असा फक्त अंदाज होता. ते बोलताना त्याचे डोळे असे चमकत होते की धनीबाईच्या काचोळीवरचे आरसे काय चमकतील!

"पण ओळखते कसं ते?" मी विचारलं. "एवढ्या लांबलचक दोऱ्यात आपलीच जागा? डोळे थोडेच आहेत त्याले!"

"तेच तर कोणाले माहीत नाही ना!" त्यानं पिळलेले दोरे थोडे सैल केले, मधे फट पाडली. "अक्षरं सगळी आतल्या बाजूला असतात, जोडीजोडीनं, एकमेकांकडे तोंड करून. मले वाटते, त्या जागी हे दोरे जरासे उघडत असतील. उघडल्याशिवाय वाचता कसं येईल? कोणतीच गोष्ट उघडल्याशिवाय कळत नाही, बेबी."

शेवटचं वाक्य बोलताना त्यानं घरात पाहिलं. बाबा आत झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. कड्यांचा कुरकुर आवाज थांबला होता, म्हणजे ते ऐकत होते. थोड्या वेळानं आतून विचारणा झाली, "तिकडे थंडी किती असते?"

"खूप असते बाबा. बर्फ पडतो."

"हं." आणि झोपाळा पुन्हा सुरू झाला.

त्या हंगामात आमचं घर या एका गोष्टीवर अडून राहिलं होतं. दादाला जायचं होतं, जीव तुटत होता त्याचा त्या कामासाठी. पण एकुलता मुलगा, आई नाही, बाबा एकटे. त्याचा पाय निघत नव्हता. विहिरीवर दोर ओढता ओढता तो मला म्हणाला होता, "त्यांनी एकदा तोंडानं म्हणावं फक्त. जा म्हणावं, नाहीतर नको जाऊ म्हणावं. नको म्हटलं तं देवाशपथ राहतो मी. दिग्रसच्या शाळेत मास्तरकी करीन, आनंदानं करीन. पण ते काहीच बोलत नाहीत गं. मी गेलो काय अन् राह्यलो काय, त्यांले सारखंच आहे." मी म्हणाले, "असं नसते रे." पण माझ्यापाशी पुरावा काय होता? मीही तर जन्मभर त्याच झोपाळ्याची कुरकुर ऐकत आले होते.

रोज जेवताना दादा बाबांच्या तोंडाकडे पाहायचा. आत्या मुद्दाम विषय काढायची, "वसंता गेला तं घर खायला उठीन." बाबा भाताची मूद फोडायचे आणि ताक मागायचे. असा सगळा हंगाम गेला. गाड्यांची रांग आखूड होत गेली, भोंगा कधी वाजायचा, कधी नाही. धनीबाईची बहीण मुकुटबनाकडे परत निघाली त्या दिवशी रस्त्यावर पुन्हा तेच सुरातलं रडणं झालं, आणि या वेळी आत्यानं बेसन कालवलं नाही, ओट्यावर उभी राहून नुसती ऐकत राहिली. मग दादाही निघाला.

यवतमाळची एसटी सकाळची होती. दादानं नवा बंद गळ्याचा काळा कोट घातला होता, बाबांनीच शिंप्याकडे नेऊन शिवून घेतलेला, आतून जाड अस्तर लावून. स्टँडपर्यंत चालत जाईतो त्या कोटाची पार दशा झाली. शेवटच्या वेचणीच्या गाड्या जात होत्या आणि कापूस उडत होता. काळ्या रंगावर एकेक तंतू दिसत होता. दादा बाबांच्या पाया पडला. बोटांची टोकं नेहमीसारखी डोक्याला लागली न लागली. आणि मग बाबा दादाच्या कोटावरचा कापूस काढायला लागले.

आधी खांद्यावरचा. मग बाहीवरचा. मग पाठीमागे जाऊन पाठीवरचा, वरून खाली, खालून वर, दोन्ही हातांनी. कंडक्टरनं घंटी मारली. दादा चुळबुळला. "राहू द्या ना बाबा, वाटेत पुन्हा लागीनच."

"लागू दे," बाबा म्हणाले, आणि काढतच राहिले.

दादा वैतागलेला मला दिसत होता. शेवटच्या क्षणालाही या माणसाला कोटच दिसतो, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. तो गाडीत चढला. गाडी धूळ उडवत वळली. बाबांच्या मुठीत तो सगळा कापूस होता. घरी येईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही, आणि आल्यावर तो आत्याच्या वातींच्या परडीत ठेवून दिला.

दादा तिकडचाच झाला. पत्रं यायची, बाबा ती वाचायचे, घडी करायचे. पुढे काही वर्षांनी बाबा गेले तेव्हा बर्फात अडकलेला दादा वेळेवर येऊ शकला नाही. आला तेव्हा झोपाळ्यावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "एक शब्द नाही बोलले गं, शेवटपर्यंत." मी त्याला जेवायला वाढते म्हणाले. आमच्या घरातली रीत माझ्याही अंगात पुरती मुरलेली होती.

मी शिकले, पुसदला नोकरीला लागले, लग्न झालं, मुलं झाली. पुस्तकं बदलत गेली आणि हळूहळू त्या धड्यात नवी नवी भर पडत गेली. एकदा सुट्टीत नवं पुस्तक वाचत बसले होते आणि वाचता वाचता हातातला चहा निवून गेला. त्यात लिहिलं होतं की ते प्रथिन डीएनए उघडत नाही. गरजच पडत नाही. दोन दोऱ्यांच्या पिळाला बाहेरून खाच असते, लांबच लांब. आतल्या अक्षरांच्या कडा त्या खाचेत जराशा डोकावत असतात. प्रथिनाचा एक छोटा भाग त्या खाचेत बरोबर बसतो आणि चाचपून पाहतो, इथे उंचवटा आहे, इथे ओढ आहे, इथे काही नाही. जागा सापडेपर्यंत ते कुठेही सैलसं टेकतं, दोऱ्यावरून घसरत पुढे जातं, सुटतं, पुन्हा टेकतं. आणि आपली जागा आली की दोन्ही हातांनी धरतं. हो, दोन्ही हातांनी, कारण ते प्रथिन जोडीनं बसतं आणि त्याची जागाही दोन बाजूंनी सारखीच असते. मधलं पाणी बाजूला होतं, दोरा जरासा वाकतो. एकेक बंध अगदी नाजूक, तुटेल असा. पण असे पुष्कळ नाजूक बंध मिळून पकड अशी होते की सुटता सुटत नाही, योग्य वेळ येईपर्यंत.

मी पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसले. मला स्टँड दिसत होता. काळा कोट, त्याच्यावरून वरून खाली, खालून वर फिरणारे दोन हात. आणि रस्त्याच्या कडेला घुंगट ओढून उभ्या असलेल्या दोघी बहिणींचे हातही. सारखेच फिरत होते ते! बाबांनी त्या सकाळी दारात उभं राहून काय पाहिलं होतं, कोणास ठाऊक. त्यांना रडता येत नव्हतं, सुरात तर नाहीच नाही. गळ्याशी धरायची आमच्यात पद्धत नव्हती. पण कापूस तर होता! हंगामानं त्यांच्यावर केवढे उपकार केले होते. मग मी एकटीच बसून खूप रडले, आणि मुलं शाळेतून आली तेव्हा डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून सांगितलं.

दादाला हे पत्रात लिहावं असं कितीदा वाटलं. फोन आले तेव्हा फोनवर सांगावं असं वाटलं. पण असलं काही सांगायला गेलं की मी त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करते. शिवाय असंही वाटायचं की सांगितलं आणि तो "हं" म्हणाला तर?

मागच्या वैशाखात तो आला. बहुधा शेवटचाच, असं तोच म्हणाला. डोळ्यांनी कमी दिसतं आता त्याला. दिग्रसला जायचा हट्ट धरला, म्हणून गेलो. घर नव्हतं, विहीर बुजवलेली. एका दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही उसाचा रस प्यायलो. मधेच तो म्हणाला, "बेबी, माझं चुकलं होतं बरं. आठवते ना, दोरे उघडावे लागतात म्हणत होतो? नाही उघडावे लागत. बाहेरूनच कळते सगळं."

"हो. मी शिकवत होते तो धडा," मी म्हणाले. 

यवतमाळला एसटीनंच जायचं, हाही त्याचाच हट्ट. तिथून माझा नातू त्याला गाडीनं नागपूरला नेणार होता. त्याच स्टँडवर उभे होतो, म्हणजे जागा तीच, बाकी सगळं नवं. म्हातारपणाचं काही कळत नाही, इतक्या उन्हातही त्यानं काळं जाकीट घातलं होतं. गाडी लागली. तो निरोप घ्यायला म्हणून नुसते हात जोडायला लागला, जवळ घ्यायचं नाही ही आमच्या घरची रीत. आणि माझा हात पुढे झाला. मी त्याच्या खांद्यावरून काहीतरी वेचलं. मग बाहीवरून. मग पाठीमागे गेले.

"काय करून राह्यली?"

"कापूस लागला आहे."

"कापूस? वैशाखात?"

 मला आता थांबताच येत नव्हतं. वरून खाली, खालून वर. जाकिटावर काहीसुद्धा नव्हतं, धुळीचा कणही नव्हता. त्यानं वळून पाहायला सुरुवात केली आणि मधेच थांबला. हातातली पिशवी खाली ठेवली. पाठ माझ्याकडे करून तो उभा राहिला, अगदी स्तब्ध, त्या सकाळी राहिला नव्हता तसा. मग त्याचे खांदे हलायला लागले. कंडक्टरनं घंटी मारली तरी तो हलला नाही. मीही नाही.

आम्हा दोन म्हाताऱ्यांना भर स्टँडवर तसं रडताना पाहून बाकावरची एक बाई उठून आली. डोक्यावरचा पदर सावरत तिनं हळूच विचारलं, "काय झालं जी बाबा? कोनी गेलं काय?"

दादानं डोळे पुसले नाहीत. तो म्हणाला, "नाही बाई, कोनी नाही गेलं. आमचे बाबा भेटले."